एकदा दिलेलं पेज

पुण्यातल्या एका लहान होस्टिंग कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचो. 64 जीबी रॅमच्या एका मशीनवर, म्हणजे होस्टवर, केव्हीएम आणि त्यावर 8-8 जीबीचे दहा गेस्ट, म्हणजे आभासी मशीन. बेरीज 80 होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ते चालायचं. केव्हीएममध्ये गेस्टची मेमरी म्हणजे होस्टवरच्या क्यूईएमयू नावाच्या साध्या प्रोसेसचीच मेमरी. 8 जीबी नुसते मंजूर असतात. गेस्टने एखाद्या पत्त्याला पहिल्यांदा हात लावला की प्रोसेसर थांबून कर्नलला हाक मारतो आणि कर्नल 4 केबीचं कोरं पेज तिथे जोडून देतो. गेस्ट निम्मे रिकामेच असायचे, म्हणून निभावत होतं.

एका रविवारी सकाळी ग्राहकाचा फोन आला, "अहो साहेब, आमचा डेटाबेस उडालाय." गेस्टचा लॉग पाहिला तर कुठे तक्रार नाही, एका ओळीनंतर एकदम काहीच नाही, कोणी वायर उपटावी तसं. होस्टच्या कर्नलच्या लॉगमध्ये, डीमेसगमध्ये, मात्र लिहिलेलं होतं: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, पुढे क्यूईएमयू. मेमरी संपली की कर्नलचा ओओएम किलर सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रोसेस हेरतो, आणि ती नेमकी डेटाबेसच्या गेस्टची निघाली.

आमचे मॅनेजर मॉनिटरिंगचा आलेख दाखवत म्हणाले, "अरे, पण याच्यात तर 5 जीबी मोकळे होते!" होते ना, गेस्टच्या हिशेबात. शनिवारी रात्री सगळ्यांचा बॅकअप चालायचा. वाचलेली प्रत्येक फाइल लिनक्स पेज कॅशमध्ये ठेवतं, त्यासाठी नव्या नव्या पेजना हात लावतं, आणि होस्ट ती देत जातो. नंतर गेस्टने त्यातली सोडली तरी होस्टला कोण सांगणार?

स्वॅप वाढवून पाहिला. ते तर भलतंच. होस्टने डिस्कवर टाकलेलंच पेज गेस्टलाही आपल्या स्वॅपमध्ये टाकायचं असतं. म्हणजे डिस्कवरून आणायचं ते पुन्हा डिस्कवर लिहायला.

शेवटी बलूनवर आलो. ही युक्ती कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी 2002 मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरबद्दलच्या निबंधात मांडली होती: गेस्टमधला ड्रायव्हर गेस्टच्या कर्नलकडूनच पेज मागून घेतो आणि होस्टला परत करतो. पण हा बलून किती फुगवायचा हे माणसाने ठरवायचं, आणि जास्त फुगला की गेस्टच आतून गुदमरतो. 2020 च्या लिनक्स 5.7 पासून गेस्ट आपली मोकळी पेजेस स्वतःहून कळवू शकतो, ते आम्ही चालू केलं. तरी होस्टचा आकडा हलेना. कारण सरळ होतं: कॅशमधलं पेज 'मोकळं' नसतंच. बॅकअपच्या स्क्रिप्टच्या शेवटी कॅश सोडण्याची एक ओळ घातली, तेव्हा कुठे टॉपमध्ये क्यूईएमयूचे आकडे डोळ्यांदेखत खाली यायला लागले. पूर्ण नाही, सलग 2 एमबीचा तुकडा मोकळा असेल तरच तो कळवला जातो.

डेटाबेसच्या गेस्टला मात्र मशीन सुरू होतानाच 2 एमबीची 4096 ह्यूजपेजेस राखून दिली. ती स्वॅप होत नाहीत, दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत, आणि ओओएम किलर प्रोसेसची मेमरी मोजताना ती धरतही नाही. बाकी नऊ जणांना 56 जीबीत बसवायचं होतं. त्यांतले दोन दुसऱ्या मशीनवर हलवले.