नकाशाची तारीख

बँकेतील छत्तीस वर्षांच्या सेवेत हजारो कागद माझ्या हाताखालून गेले. परंतु मनात घर करून राहिला तो देवबागच्या एका माडबागेचा मोजणी नकाशा. गेल्या कार्तिकात आम्ही उभयतांनी मालवण ते निवती हा किनारा पुन्हा पाहिला, तेव्हा जुन्या सागरी नकाशांच्या प्रती मुद्दाम सोबत नेल्या होत्या.

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील वाळूची चिंचोळी पट्टी. नदीपलीकडे भोगवे आणि पुढे निवतीचा किल्ला व पायथ्याची मच्छीमार वस्ती. किल्ल्यावरून समुद्राकडे पाहिले की दूरवर खडकांचा पुंजका दिसतो. हेच वेंगुर्ला रॉक्स. इंग्रजी सागरी नकाशांत त्यांना ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटे, म्हटले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘सेसेक्रिएनाय’ नावाची बेटे येतात. ती हीच असावीत, असे काही अभ्यासक मानतात. ग्रंथकाराने त्याच ठिकाणी चाच्यांचाही उल्लेख केला आहे. माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याला दोन्ही गोष्टी ठाऊक असणे आवश्यकच होते.

सागरी नकाशात जमीन बहुधा कोरी असते आणि पाणी आकड्यांनी भरलेले असते. जुन्या इंग्रजी नकाशांतील हे आकडे फॅदममध्ये, म्हणजे सहा फुटांच्या मापात असतात. आपल्या कोकणी तांडेलाची ‘वाव’ही साधारण तेवढीच. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे अवशेष आजही उभे आहेत. अशा व्यापाऱ्यांना खडक कोठे आणि खोली किती हे कळणे गरजेचे होते. म्हणून निर्मनुष्य खडकाला नकाशात ठळक स्थान मिळाले आणि नांदत्या वाडीला क्वचितच. या बेटांवरील गुहांत पाकोळ्या घरटी करतात. त्या गुहांची वाट मात्र मच्छीमारांच्या स्मरणातच राहिली. नकाशा हा काढणाऱ्याच्या गरजेचा हिशेब असतो.

आता त्या माडबागेविषयी. नोकरीच्या आरंभी, होडीच्या इंजिनासाठी कर्ज मागणाऱ्या एका वृद्ध तांडेलाची बाग तारण म्हणून पाहण्यास मी गेलो होतो. सात-बारा आणि नकाशा बिनचूक होते. ओहोटीची वेळ होती. बागेची हद्द मला उमगली नसती. पण म्हातारा स्वतःच पाण्यातील दोन बुंध्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “सायबानू, कागदार जमीन आसा, पण दर्यान ती कधीच गिळल्यान.”

अहवालात मी घटलेले क्षेत्र नोंदवले. त्याच्या खरेपणासाठी मात्र छापील नमुन्यात रकाना नव्हता. कर्ज नामंजूर झाले. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. तरी तो रकाना मी स्वतः आखून चार ओळी लिहावयास हव्या होत्या, ही खंत अजून आहे.

यंदा कर्लीच्या मुखाशी होडीवाल्याने वाळूचे एक बेट दाखवले. लोक त्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. 2004च्या त्सुनामीनंतर ते वर आले, असे सांगतात. माझ्या जवळच्या जुन्या नकाशांत ते नव्हते. मी शोधलेली माडबाग मात्र नकाशातच राहिली होती; तिच्या जागी लाटा फुटत होत्या.

ताळेबंदाच्या माथ्यावर तारीख असते. ती न वाचता खालचे आकडे वाचू नयेत, हे आपल्या पेढीवरील मुलांना आपण शिकवतो. नकाशाचेही तसेच आहे. त्या तारखेनंतर काय घडले, हे सांगणारा माणूस समोर उभा असेल आणि ते सांगण्यात त्याचेच नुकसान असेल, तर त्याचा शब्द हेही तारणच होय. ते नोंदवण्याचे मी चुकलो; आपण चुकू नये.