ठिपक्यांची रांगोळी

"तू नेमकं करतोस तरी काय रे?" हा प्रश्न माझी आई मला दर दिवाळीला विचारते. वर्षाचे बाकीचे दिवस तिला माझ्या उद्योगाविषयी कसलेही कुतूहल नसते. पण वसुबारस आली, येणारे-जाणारे सुरू झाले, की कुणी ना कुणी "मुलगा काय करतो हो तुमचा?" असे विचारणार आणि उत्तर देता आले नाही तर चारचौघांत शोभा होणार, ही तिची धास्ती. "यंत्रं बनवतो" म्हटले, तर "कसली?" "मोजमापाची" म्हटले, तर "म्हणजे तराजू का?" शेवटी कंटाळून ती लोकांना "तो रेडिओ दुरुस्त करतो" असे सांगू लागली, नि माझ्या तीस वर्षांच्या प्रतिष्ठेचा तिने एका वाक्यात निकाल लावला.

गेल्या दिवाळीत ती अंगणात पाटावर बसून ठिपक्यांची रांगोळी काढीत होती. भोके पाडलेला कागद जमिनीवर ठेवून तिने वरून रांगोळी फिरवली, कागद अलगद उचलला, नि खाली ठिपक्यांच्या शिस्तशीर रांगा उमटल्या. मला एकदम उत्तर सापडले. म्हटले, "आई, मी हेच करतो."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी सोडून देतो. पण मी खोटे बोललो नव्हतो. आमच्या धंद्यात एफ.पी.जी.ए. नावाची एक चीप असते. साधी चीप आपले नशीब कपाळावर लिहून घेऊनच कारखान्यातून बाहेर पडते. घड्याळाची ती जन्मभर घड्याळाचीच. हिचे तसे नाही. हिच्यात नुसते ठिपके. कोणता ठिपका कोणाला जोडायचा हे तुम्ही ठरवायचे. आज कमळ काढा, उद्या ते पुसून गोपद्मे काढा. मी वापरतो त्या जातीत वीज गेली की सारी रांगोळी वाऱ्याने उडून जावी तशी नाहीशी होते, आणि वीज आली की पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते.

झायलिंक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८५ साली असली पहिली चीप बाजारात आणली, तेव्हा तिच्यात असे ६४ ठिपके होते. आमच्या चीपमध्ये ५३,२०० आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पाठ केलेला पाढा. सहा हो-नाही आत आले की त्यांचे ६४ प्रकार होतात, आणि प्रत्येक प्रकाराला काय उत्तर द्यायचे ते आधीच लिहून ठेवलेले असते. ठिपका विचार करीत नाही. बाराचा पाढा घोकलेल्या मुलासारखा धाडकन उत्तर सांगतो. हे सारे पाढे नि ठिपक्यांना जोडणाऱ्या सगळ्या रेघा मिळून जी फाईल होते, ती ४०,४५,५६४ बाईटांची.

ती चीपमध्ये भरायची कोणी? त्याच चीपच्या एका बाजूला दोन प्रोसेसर आहेत, त्यांच्यावर लिनक्स चालते, आणि लिनक्सच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. ("कर्नल? लष्करातला?" आईने विचारले. मी नाही म्हटले. पण त्याचा करडा स्वभाव पाहता ती फारशी चुकली नव्हती.) पूर्वी या कामाला ज्याची त्याची रीत होती. जानेवारी २०१६ मध्ये लिनक्सची ४.४ ही आवृत्ती निघाली, तेव्हापासून कर्नेलने स्वतःच एक कारभारी नेमला. फाईल ठरलेल्या फडताळात ठेवायची आणि कारभाऱ्याला फक्त नाव सांगायचे. हा गृहस्थ मोठा काटेकोर. आमच्या चीपची फाईल हाती आली की तो आधी तिच्यात एक खूण शोधतो: एए ९९ ५५ ६६. आणि तीसुद्धा उलटी मांडलेली हवी, ६६ ५५ ९९ एए अशी. सुलटी दिली की नकार! आमचा एक अख्खा शनिवार या उलट्यासुलट्यात गेला. नकाराचे कारण त्याने आपल्या रोजनिशीत स्वच्छ लिहून ठेवले होते. आम्हीच वाचले नव्हते.

इतक्यात आई उठली, आणि दारात आडवा पाट ठेवून आली. रांगोळी पुरी होऊन मध्ये पणती लागेपर्यंत त्या दाराने कुणी ये-जा करायची नाही, हा आमच्या घरचा जुना कायदा. तो पाट पाहिला आणि मी गप्प झालो.

कारण कर्नेलसुद्धा अगदी हेच करते. फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० या आवृत्तीपासून तशी रीतसर सोयच झाली आहे. रांगोळी बदलायच्या आधी तिच्यावर विसंबून असलेल्या मंडळींना बाहेर काढायचे, प्रोसेसर आणि ठिपके यांच्यामधले पूल बंद करायचे, मग लिहायचे. काम पुरे झाल्याची खूण आली, बोर्डावरचा छोटा दिवा लागला, की पूल उघडून मंडळींना आत घ्यायचे. पूल उघडा राहिला, आणि प्रोसेसरने अर्धवट पुसलेल्या रांगोळीला काही विचारले, तर उत्तर द्यायला तिथे कुणीच नसते. प्रोसेसर उत्तराची वाट पाहत उभा राहतो, तो उभाच.

त्याच्या आदल्या दिवाळीत हे माझ्या हातून घडले होते. सोलापूरच्या पुढे एका कारखान्यात आमचे यंत्र बसवले होते. नवी रांगोळी आमच्याकडच्या एका तरुण मुलाने काढलेली. ती मी पुण्यात बसून दुरून भरायला घेतली, आणि यंत्र जागच्या जागी थिजले. काही केल्या हाक ऐकेना. आता कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन वीज बंद करून पुन्हा चालू करायची, एवढाच उपाय. मी त्या मुलाला सगळ्यांच्या देखत नको ते बोललो. तुझी फाईलच सदोष, कामात लक्ष नाही, मन कधीच गावी पोचलेले. तो कोकणातला, त्याच रात्रीचे गावचे तिकीट त्याच्या खिशात होते. ते त्याने रद्द केले, आणि काही न बोलता सोलापूरची एस.टी. धरली. पहिल्या अंघोळीच्या दिवशी तो त्या कारखान्यात बटण दाबीत होता. वीज गेली तशी अर्धीमुर्धी रांगोळी गेली, वीज आली तशी जुनी परत आली, आणि यंत्र सुरू झाले.

भाऊबीज झाल्यावर मी ती 'सदोष' फाईल टेबलावरच्या यंत्रात भरून पाहिली. पन्नास वेळा भरली. पन्नासही वेळा दिवा लागला. मग माझ्या लक्षात आले की, कारखान्यातल्या यंत्रात माझा एक जुना प्रोग्रॅम चालू असतो. कर्नेलला वळसा घालून मागल्या दाराने तो दर सेकंदाला ठिपक्यांकडून आकडे वाचतो. तो सुरू केला, आणि तिसऱ्याच खेपेला यंत्र थिजले. कर्नेलने सगळ्यांना बाहेर काढले होते. पण मागल्या दाराने आत शिरलेला माझा माणूस त्याच्या यादीतच नव्हता. त्या मुलाने महिनाभर आधी मला म्हटले होते, "सर, हे मागचं दार बंद करू या का? मी रीतसर ड्रायव्हर लिहितो." मी म्हणालो होतो, "चाललंय ना? मग राहू दे."

तो गावाहून परत येईपर्यंत मी चार दिवस मनातल्या मनात माफीची भाषणे रचली. एकटे गाठून सांगणे सोपे होते. पण बोललो होतो सगळ्यांच्या देखत, तेव्हा फेडणेही तिथेच भाग होते. सकाळच्या चहाला सगळे जमले असताना मी सांगितले, की चूक याची नव्हती, माझी होती, आणि याने मला आधी सांगितलेही होते. भाषण त्यातले एकही आठवले नाही. तो खाली पाहून म्हणाला, "असू द्या सर. शेंगाची चटणी तरी मिळाली." सगळे हसले, मीही हसलो. पण त्याच्या आईने त्या दिवशी उटणे भिजवून ठेवले असेल, हे काही माझ्या मनातून जाईना. ड्रायव्हर त्याने त्याच आठवड्यात लिहिला. माझा प्रोग्रॅम मी माझ्या हाताने काढून टाकला.

"काय रे, गप्प का झालास?" आईने विचारले. मी काही सांगणार तोच फाटक वाजले. तोच मुलगा होता. रात्रीच्या गाडीने गावी निघायचा होता, म्हणून जाता जाता भेटायला आलेला. आईची अजून एक पाकळी राहिली होती. मी त्याला आत घ्यायला म्हणून घाईने पाट ओलांडायला पाय उचलला.

"सर, थांबा," तो फाटकातूनच म्हणाला, "पणती लागू द्या."