चारशे वॅटचे गणित

हौशी रेडिओ केंद्रासाठी मोठ्या शक्तीचा प्रवर्धक घेण्याचा विषय निघाला, की पहिला प्रश्न बहुधा ‘किती वॅटचा?’ हाच असतो. परंतु भारतात या प्रश्नाचे उत्तर परवान्यानेच देऊन ठेवलेले असल्यामुळे खरी निवड करायची असते ती त्या आकड्यामागे किती क्षमता राखीव ठेवायची, याची. प्रवर्धक, म्हणजे हौशी मंडळींच्या बोलीतला ‘लिनिअर’, हा रिगमधून, म्हणजे रेडिओ संचातून, निघणारा साधारण १०० वॅटचा संदेश त्याचे रूप न बिघडवता मोठा करून अँटेनाकडे धाडतो. भारतातील सर्वसाधारण श्रेणीच्या परवानाधारकाला लघुलहरींवर ४०० वॅटची मर्यादा आहे, तर अमेरिकेत ती १५०० वॅट आहे. आणि बाजारातील अनेक परदेशी लिनिअर त्या मोठ्या मर्यादेकडे पाहूनच घडवलेले असतात. शिवाय ‘वॅट’ हा शब्दही एकच अर्थ सांगत नाही. लिनिअरमधल्या व्हॉल्व्हला, म्हणजे निर्वात नळीला, दिलेली एकदिश विद्युतशक्ती, अँटेनाकडे जाणारी शिखरशक्ती आणि सरासरी शक्ती या तीन वेगळ्या राशी आहेत, त्यामुळे परवान्याच्या मजकुरात यांपैकी कोणती अभिप्रेत आहे, हे खरेदीआधी वाचून घ्यावे लागते. पुढील हिशेब अँटेनाकडे ४०० वॅट जातात असे धरून, म्हणजे व्हॉल्व्हवर अधिकात अधिक ताण गृहीत धरून केलेला आहे.

शक्ती चौपट झाली, तर ऐकणाऱ्याला किती फरक पडतो? शक्तीचे गुणोत्तर डेसिबेल या मापात मोजतात. चौपट म्हणजे ६ डेसिबेल, आणि ग्राहक संचाच्या ‘एस’ मापकावर ६ डेसिबेल म्हणजे जेमतेम एक घर. उदाहरणादाखल पोलाद कारखान्याच्या भिलाईतले केंद्र घेऊ. नागपूर तिथून सुमारे अडीचशे किलोमीटर, तर मुंबई सुमारे नऊशे किलोमीटर दूर आहे. ४० मीटरच्या बँडवर ही अंतरे १०० वॅटनेही गाठता येतात. दूरची क्षीण केंद्रे गाठताना मात्र त्या एका घराचे मोल कळते, कारण गोंगाटात बुडालेला शब्द आणि कळणारा शब्द यांच्यामधले अंतर अनेकदा तेवढेच असते. तरीही तीन घटकांची चांगली यागी अँटेना, म्हणजे दांड्यांची एकाच दिशेला रोखलेली अँटेना, साधारण तेवढीच वाढ बोलताना आणि ऐकताना अशा दोन्ही वेळी देते, तर लिनिअर ऐकण्यात काहीच भर घालत नाही. म्हणून अँटेना, तिची केबल आणि अर्थिंग धड नसलेल्या केंद्राने लिनिअर घेणे म्हणजे कान बुजवून आवाज चढवणे होय.

हे सारे मान्य करूनही लिनिअर घ्यायचाच ठरला, तर गणित उष्णतेपासून मांडावे लागते. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या फिलॅमेंटमधून किंवा कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन ग्रिडच्या नियंत्रणाखाली अॅनोडकडे खेचले जातात, आणि दिलेल्या शक्तीपैकी जेवढी रेडिओलहरींत उतरत नाही तेवढी अॅनोडवर उष्णता होऊन साठते. ही उष्णता सतत सोसण्याची कमाल मर्यादा म्हणजे अॅनोडची डिसिपेशन क्षमता. कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर ४०० वॅट बाहेर काढण्यासाठी सुमारे ६६७ वॅट आत द्यावे लागतात आणि २६७ वॅट अॅनोडला सोसावे लागतात. ८११ए या जुन्या, काचेच्या ट्रायोडची क्षमता प्रत्येकी ६५ वॅट आहे. चार एकत्र जोडले तरी बेरीज २६० होते, म्हणजे हिशेब जमत आला असे वाटतानाच तो सात वॅटने चुकतो. बोलण्यात शब्दांच्या मध्ये विराम असल्यामुळे हे चौघे आवाजाचे काम निभावून नेतात. पण एफटी-८ सारख्या अंकीय पद्धतीत १५ सेकंदांच्या प्रत्येक खेपेत साडेबारा सेकंदांहून अधिक काळ पूर्ण शक्ती अखंड वाहते, आणि तिथे अॅनोड लाल होऊ लागतात. याउलट ३-५००झेड या एकाच ट्रायोडची क्षमता ५०० वॅट आहे. त्याला २६७ वॅट म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक काम. अमेरिकेत हजार वॅटचा म्हणून विकला जाणारा एका ३-५००झेडचा लिनिअर भारतात ४०० वॅटवर चालवणे, हा म्हणूनच दुबळेपणा ठरत नाही. तेच त्याचे योग्य काम ठरते.

भिलाईत या राखीव क्षमतेला आणखी दोन बाजूंनी कामाला लागावे लागते. पहिली बाजू घरातल्या विजेची. ३-५००झेडच्या फिलॅमेंटला ५ व्होल्टवर १४.६ अँपिअर लागतात आणि हा दाब पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्येच राहावा लागतो. हे फिलॅमेंट थोरियममिश्रित टंगस्टनचे असते आणि इलेक्ट्रॉन सोडण्याचे काम त्याच्या पृष्ठभागावरचा थोरियमचा अतिशय पातळ थर करतो; फिलॅमेंट जास्त तापले तर हा थर वेगाने उडून जातो, आणि कमी तापले तर आतून त्याची भरपाई पुरेशी होत नाही. ट्रान्सफॉर्मर २४० व्होल्टच्या टॅपवर असेल आणि घरात २१० व्होल्टच येत असतील, तर फिलॅमेंटला सुमारे ४.४ व्होल्ट मिळतात. २२० च्या टॅपवर २५० व्होल्ट आले, तर तेच ५.७ च्या जवळ जातात. दोन्ही स्थितींत लिनिअर त्या दिवशी चालतो, नुकसान नंतर दिसते. इथे एक बारीक बाब विशेष पाहण्याजोगी आहे: व्हॉल्व्हच्या सॉकेटची पकड ढिली होऊन तिथे एक शतांश ओहम इतकाच रोध निर्माण झाला, तरी १४.६ अँपिअरच्या प्रवाहामुळे ०.१४६ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे खालच्या बाजूला मिळणाऱ्या पाव व्होल्टच्या सवलतीपैकी निम्म्याहून अधिक तो एक सांधा खाऊन टाकतो. म्हणून हे माप ट्रान्सफॉर्मरच्या तारांवर न घेता व्हॉल्व्हच्या पिनांपाशीच घ्यावे लागते.

दुसरी बाजू हवेची. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढणे या मुलखाला नवे नाही. ३-५००झेडच्या पिनांभोवती काच आणि धातू जिथे सांधलेले असतात, तिथले तापमान २०० अंशांपलीकडे जाऊ द्यायचे नसते. आत येणारी हवा २५ अंशांची असेल तर १७५ अंशांची मोकळीक मिळते, ४५ अंशांची असेल तर १५५ अंशांचीच, आणि तेवढीच उष्णता वाहून नेण्यासाठी ब्लोअरला सुमारे आठवा हिस्सा जास्त हवा फेकावी लागते. कारखान्याच्या गावात या हवेबरोबर धूळही आत येते आणि पावसाळ्यातल्या दमटपणात ती उच्च दाबाच्या इन्सुलेटरवर बसून विजेला गळतीची वाट करून देते. त्यामुळे जाळी वरचेवर धुणे आणि इन्सुलेटर पुसणे हे इथे लिनिअर वापरण्याचाच भाग समजावे लागते.

भिलाईच्या संदर्भात रशियन व्हॉल्व्हचा विचार टाळता येत नाही. इथल्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन अक्षरांच्या यंत्रपट्ट्या ज्या गावाने इतक्या पाहिल्या, त्याला जीयू-७४बी हे नाव वाचायला अवघड नाही. त्यातले अखेरचे ‘बी’ म्हणजे जोराच्या हवेने थंड होणारा. त्याच जागी ‘ए’ असेल तर पाण्याने थंड होणारा. धातू आणि सिरॅमिकचा हा मुठीत मावणारा टेट्रोड ६०० वॅट उष्णता सोसतो, म्हणजे हिशेबात तो ३-५००झेडच्याही पुढे आहे. मात्र त्याच्या ऑक्साइड कॅथोडला तापायला सुमारे अडीच मिनिटे द्यावी लागतात, दुसऱ्या ग्रिडला वेगळा, स्थिर ठेवलेला दाब पुरवावा लागतो, आणि वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेल्या नगात वायू साठलेला असू शकत असल्यामुळे उच्च दाब देण्याआधी केवळ हीटर चालू ठेवून तो काही तास शेकावा लागतो. ३-५००झेड अजूनही चीनमध्ये तयार होतो, तर सोव्हिएत नगांचा व्यवहार मुख्यतः जुन्या साठ्यावर चालतो. म्हणून ज्या व्हॉल्व्हचा दुसरा नग आजच विकत घेऊन कपाटात ठेवता येईल, तोच निवडणे शहाणपणाचे.

शेवटचा विचार सुरक्षिततेचा, आणि तो खरेदीच्या यादीत शेवटी ठेवून चालत नाही. ३००० व्होल्टपर्यंत भारलेल्या ३० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये १३५ जूल ऊर्जा असते आणि प्लग काढल्यावरही ती तिथेच थांबते. ती हळूहळू जिरवणारे ब्लीडर रोधक, झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच, आणि मीटरने शून्य दाखवल्यानंतरही अॅनोडला चॅसीशी जोडण्यासाठी वापरायची, अर्थची तार लावलेली इन्सुलेटेड काठी, या तिन्हींपैकी एकही नसलेला स्वस्त लिनिअर महाग पडतो.

या सगळ्याचा मिळून खरेदीचा क्रम ठरतो: आधी अँटेना आणि अर्थिंग, मग घरातली वीज, मग व्हॉल्व्ह, त्याचा दुसरा नग, आणि सर्वांत शेवटी पेटीवरचे नाव. ४०० वॅटचा लिनिअर २३० व्होल्टवर जेमतेम चार अँपिअर ओढतो, त्यामुळे घरातला पॉवर सॉकेट त्याला पुरतो. पुरत नाही ती त्या सॉकेटातल्या दाबाची स्थिरता. म्हणून लिनिअरच्या जाहिराती चाळण्याआधी एक साधा व्होल्टमीटर आणि एक वही घ्यावी, सकाळी, भर दुपारी आणि रात्री नऊला असे आठवडाभर आकडे लिहावेत. ट्रान्सफॉर्मरचा कोणता टॅप जोडायचा, सर्वो स्टॅबिलायझर लागेल की नाही, आणि फिलॅमेंट किती वर्षे टिकेल, हे त्या वहीतले एकवीस आकडे कोणत्याही विक्रेत्यापेक्षा अधिक खरे सांगतात.