आई-बाबांचा माणूस

उज्जैनला शिकायला आलेल्या पोरांना रामघाट फारसा भाव देत नाही. संध्याकाळी टोळक्याने येतात, पायऱ्यांवर बसून मोबाइल बघतात, कुणाच्या तरी वाढदिवसाचे फोटो काढतात नि जातात. हा आपला क्षिप्रेकडे तोंड करून बसलेला. मात्र त्याच पोरांचे आई-बाबा गावाकडून आले, की स्वारी खुलते. रामघाट मुळात आई-बाबांचा माणूस आहे.

जळगावहून, अमरावतीहून इकडे शिकायला आलेल्या पोराने आई-बाबांसाठी कार्यक्रम आखलेला असतो. पहाटे महाकाल, मग हरसिद्धी, नंतर सवाई जयसिंगाची वेधशाळा, दुपारी सांदीपनी आश्रम. घाट शेवटी, ‘जाता जाता, दहा मिनिटं’. ई-रिक्षावाल्याशी घासाघीस करून पोरगं पुढे चालत असतं, कारण शहर त्याचं आणि पाहुणे ते. (बाहेरगावाहून इथे शिकायला आलेला सगळ्यांत नावाजलेला विद्यार्थी मथुरेचा. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला उरकून तो परतला म्हणतात. देवकी-वसुदेवांना उज्जैन दाखवायची वेळच आली नाही, सुटला.) ‘दहा मिनिटं’ हे शब्द रामघाटाच्या कानावर पडतात. तो वाद घालत नाही. आईला फक्त चपला काढायला लावतो. पुढचे दोन तास त्याचे.

चौकस तर इतका, की त्याच्यापुढे मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईसुद्धा गप्प बसाव्यात. मोठ्या छत्रीखाली, लाकडी तख्तावर त्याचे पंडे बसलेले असतात. गाव कोणतं? आडनाव? गोत्र? पोरगं घाईघाईने म्हणतं, ‘हम बस घूमने आए हैं.’ पण त्याला विचारलंय कुणी! बाबा केव्हाच तख्ताच्या कडेला टेकलेले असतात. तालुका, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव सगळं घडाघडा बाहेर पडतं. सकाळपासून आई-बाबांसाठी हिंदीत बोलून बोलून पोराचा घसा बसलेला, आणि इथे पंडित कामापुरतं मराठी बोलून मोकळे. लांबुडक्या वहीची पानं उलटतात. कधी कुणी सापडतं, कधी नाही. न सापडलं तर बाबा आपलं नाव लिहवून घेतात, खाली पोराचं. त्या रकान्यात परीक्षेची टक्केवारी विचारत नाहीत. लग्न झालंय का, एवढं विचारतात.

त्याला अभिमान आहे तो रामाचा. रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं, म्हणून हा रामघाट. बाबा लगेच म्हणतात, ‘आमच्या नाशकातही आहे की, रामकुंड. तिथेही केलं होतं.’ घाट विचलित होत नाही. एका बापाचं श्राद्ध दोन ठिकाणी केलं तर बिघडलं कुठे? सिंहस्थही दोघांकडे आहेच. गुरू सिंहेत आला की दोघांचे दिवस फिरतात, आणि एरवी बारा वर्षं दोघंही गर्दीच्या आठवणी सांगत बसतात. 2016चा विषय काढा, रामघाट तासभर थांबणार नाही.

मराठी माणसाशी त्याचं जरा जास्त जुळतं, त्याला कारण आहे. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला राजधानी केली, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. 1810मध्ये दौलतराव ग्वाल्हेरला निघून गेले, पण मराठी वळण मागे राहिलं. ते दिसतं श्रावणात. आई सोमवारचा उपास काढून बसते आणि पोरगं सांगतं, इथला श्रावण लागून पंधरवडा झाला. ‘म्हणजे माझे सोमवार बुडाले?’ छे! महाकालाची पालखी दर सोमवारी निघते ती उत्तरेच्या श्रावणापासून, आणि थांबते आपला श्रावण संपल्यावर, म्हणजे त्यांचा भाद्रपद अर्धा सरल्यावर. पालखी रामघाटावर येते, क्षिप्रेच्या पाण्याने पूजा होते, मग गोपाळ मंदिरावरून परत. ते मंदिर बायजाबाई शिंद्यांचं. दोन पंचांगांचा मान राखणारा असा यजमान जावयालासुद्धा मिळत नाही. आई तिथल्या तिथे घाटाच्या बाजूची होते.

आता त्याचं एक नाजूक दुखणं. पाणी. क्षिप्रा उन्हाळ्यात आटते, वरून खान नदी इंदूरची घाण घेऊन येते. 2014पासून नर्मदेचं पाणी पंपाने उचलून क्षिप्रेच्या उगमाशी सोडायची सोय झाली. 2016च्या सिंहस्थात लोकांनी क्षिप्रेच्या नावाने डुबकी मारली ती बरीचशी नर्मदेत. घाट हा विषय टाळतो. पोरगं नेमकं तेच आईला सांगायला जातं, विज्ञान शाखेचं ना ते! आई साखळी धरून दोन पायऱ्या खाली उतरते, ओंजळ भरून घेते आणि म्हणते, ‘मग चांगलंच की, एका आंघोळीत दोन नद्या.’ पोरगं गप्प. रामघाट मिशीत हसतो.

रागही आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की छोटी रपट, म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, आधी बुडते, मग पायऱ्या, मग काठावरच्या लहान देवळांचे कळस तेवढे वर. तेव्हा कुणाचे आई-बाबा आलेत, कुठून आलेत, याची तो पर्वा करत नाही. पोलीस दोर बांधून सगळ्यांना वरच थांबवतात. पाणी ओसरलं की चिखल खरवडून काढतात, आणि महाराज पुन्हा छत्र्या मांडून हजर, जणू काही झालंच नाही.

संध्याकाळी आरती. समोर दत्त आखाड्याच्या काठावर दिवे लागतात, इकडे घंटा सुरू होतात. फुलं नि दिवा ठेवलेला पानांचा द्रोण आईच्या हातात, आचमनाची पळी बाबांच्या हातात. आणि शहराचा जाणकार? त्याच्याकडे तीन जोड चपला, आईची पर्स, पाण्याची बाटली आणि ‘इथेच उभा राहा, हलू नकोस’ ही आज्ञा. दिवसभर ज्यांचा हात धरून रस्ते ओलांडले, त्यांनीच त्याला असं उभं केलेलं. कार्यक्रमातल्या शेवटच्या ओळीवर त्याने रबडीचं दुकान लिहिलेलं असतं, ते आता बंद व्हायला आलेलं.

परतताना बाबा पंडितांचा नंबर मोबाइलमध्ये घालून घेतात. ‘2028ला सिंहस्थ आहे म्हणे, तेव्हा यायचं.’

‘बाबा, तोवर माझं शिक्षण संपलेलं असेल. मी नसेन इथे.’

‘मग?’ बाबा चपला घालत म्हणतात, ‘तुझं काय काम आहे?’