माळेगावच्या माळावर

परभणीच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात कृषी विद्यापीठातल्या नोंदीवरून पेपरात येते. तसल्या थंडीत पहाटेच आम्ही गंगाखेडचा रस्ता धरला. जीपमध्ये पुढे चाचा बसले होते, आमच्या भागात वरातींना घोड्या पुरवणारे. त्यांना माळेगावच्या जत्रेत नवी घोडी घ्यायची होती. मला बघायचं होतं, अजून बसता येतं का.

पालम तालुक्यात माझं आजोळ. पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडीही निघायची नाही, तेव्हा मामाचा बाजारहाट घोडीवरच. तिला पाण्यावर नेणं माझ्याकडे. मी मोठी झाले तसं आजीने ते बंद केलं. पुढे गावाला डांबरी रस्ता आला, मामाने मोटारसायकल घेतली, घोडी विकली. आता पोरं कॉलेजात गेली, मला ओरडायला कुणी उरलं नाही.

गंगाखेडला गोदावरी ओलांडून, जनाबाईच्या गावात चहा घेऊन पुढे निघालो. पालमपर्यंत ऊस नि तूर. लोहा सोडल्यावर रस्ता माणसांनी भरला.

माळेगाव नांदेड जिल्ह्यातलं, पण परभणीकरही या जत्रेला हक्काने जातात. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते, बेलभंडारा उधळतो. देवच घोड्यावरचा, मग घोडेबाजार भरणारच. कुस्त्या, लावण्या, लाल कंधारी बैल सगळं बाजूला ठेवून आम्ही घोड्यांच्या ओळीत शिरलो.

चाचा आधी जबडा उघडतात. अडीच वर्षांच्या सुमाराला दुधाच्या दातांची पहिली जोडी पडते, पाचव्या वर्षी तोंड भरतं. मग इंचात उंची, मग अंगावरचे भोवरे. रंगाचा प्रश्नच नाही, वरातीला पांढरी नुकराच हवी. कुमैत घोडी कितीही गुणी असो, नवरदेवाच्या मावशीला चालत नाही.

एक नुकरा पसंत पडली. व्यापारी म्हणाला, चाल बघून घ्या. चाचांनी लगाम माझ्या हाती दिला. "बस बेटा."

रिकिबीत पाय टाकताना गुडघा कुरकुरला, पण मांड बसली. पाठ कशी ठेवायची हे कुणी सांगावं लागलं नाही. भीती सगळी हातांत उतरली होती. लगाम आखडला, तशी घोडी मान वाकवून जागच्या जागी नाचू लागली. माणसं जमली, कुणीतरी शिट्टी घातली.

"ढील दे!" चाचा ओरडले. "तिला वरात वाटायलीय."

ढील दिली, तर घोडी गोंधळून उभीच. सरळ चालायचं तिला फारसं कुणी सांगितलं नसावं. टाच दिली, तेव्हा निघाली, आणि पुढे दुडकी धरली. दुडकीत माझे हाल झाले. लहानपणी मी उघड्या पाठीवर बसायचे, घोडी हलेल तसं अंग हलायचं. खोगिरावर नुसतीच आपटत राहिले. तिच्या पावलांच्या तालावर रिकिबीत उठायचं-बसायचं हे कळेस्तोवर माळ संपला. मग मी तिला वळवलं आणि परत तेच अंतर, जरा ऐटीत.

सौदा रुमालाखाली बोटं दाबून झाला. आकडा चाचांनी मलाही सांगितला नाही.

परतताना म्हणाले, "उद्या अमावस्या, मग पौष. लग्नं नाहीत, घोड्या बांधून माजतात. वसमत रोडकडे सकाळी फिरव हिला. पैसे नको, चंदीचे हरभरे आण."

"आणि पौष संपल्यावर?"

"माघात तारखा लागल्या की घोडी नवरदेवाची."