लॉरेन मोटेल बघितलंत का?

मेम्फिसला सगळे एल्विसचं घर बघायला जातात, मीही त्यासाठीच गेले. ते राहिलं बाजूला! मलबरी स्ट्रीटवरचं लॉरेन मोटेल पाहिल्यापासून भेटेल त्याला मी तेच पुराण ऐकवतेय.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना इथे ३०६ नंबरच्या खोलीबाहेर, सज्जात गोळी लागली, एवढंच ठाऊक होतं. पण त्याआधीचं? मूळचं हे विंडसर नावाचं छोटं हॉटेल. १९४५ मध्ये वॉल्टर आणि लोरी बेली या कृष्णवर्णीय जोडप्याने ते घेतलं आणि नाव ठेवलं लॉरेन. थोडं लोरीवरून, थोडं 'स्वीट लॉरेन' या गाण्यावरून. तेव्हा दक्षिणेत काळ्या प्रवाशाला रात्री पाठ टेकायला जागा मिळायची मारामार. त्यांच्यासाठी निघणाऱ्या 'ग्रीन बुक'मध्ये लॉरेनचं नाव असायचं. मग काय, रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन, काउंट बेसी, सगळे इथेच उतरायचे! विल्सन पिकेटचं 'इन द मिडनाइट अवर' इथल्याच एका खोलीत जमलं, १९६५ मध्ये. गावातल्या स्टॅक्स स्टुडिओची मंडळी पोहण्याच्या तलावाकाठी लोळत पडायची आणि बेली स्वतः त्यांना तळलेलं चिकन आणून द्यायचे. काय मैफली रंगल्या असतील!

आणि मग तो एप्रिल. किंग आले होते सफाई कामगारांच्या संपासाठी. गोळीबार झाला त्याच दिवशी लोरीबाईंना झटका आला; किंग यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी त्याही गेल्या. बेलींनी ३०६ पुन्हा भाड्याने दिली नाही. धंदा बसला, कर्ज थकलं. १९८२ च्या लिलावात गावकऱ्यांच्या एका संस्थेने १,४४,००० डॉलरला जागा सोडवली, म्हणून ती वाचली. १९९१ पासून इथे राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे.

आत ती खोली काचेपलीकडे दिसते: विस्कटलेला बिछाना, कॉफीचे कप, राखदाणी. माणूस आत्ताच उठून बाहेर गेलाय असं वाटतं!

संग्रहालयासाठी बाहेर काढलेली शेवटची भाडेकरू मात्र कित्येक वर्षं समोरच्या फुटपाथवर निषेध करत बसली. संग्रहालयावरचा पैसा गरिबांच्या घरांसाठी वापरायला हवा होता, हे तिचं म्हणणं. ते सहज उडवून लावता येत नाही. तरीही ही इमारत राहिली याचाच मला आनंद आहे.

मेम्फिसला गेलात तर आधी इथे जा, एल्विस नंतर. खालच्या अंगणातून सज्जा बघायला तिकीटही लागत नाही.