चोवीस सामन्यांचा डाग

काही डाग वस्त्रावर पडतात, काही नावावर. वस्त्रावरचा डाग साबणाने निघतो. नावावरचा डाग मात्र तो पाडणाऱ्यांच्या मनातून जावा लागतो, आणि म्हणूनच तो निघायला फार काळ लागतो. वेल्समधील गॅरेथ बेल या फुटबॉलपटूच्या नावावर, तो अवघा अठरा वर्षांचा असताना, असाच एक डाग पडू लागला. तो कोणत्या अपराधाचा नव्हता. तो एका आकड्याचा होता, आणि तो आकडा होता २४.

बेलचा जन्म १६ जुलै १९८९ रोजी वेल्सची राजधानी कार्डिफ येथे झाला. शाळेत असताना त्याची धाव इतकी वेगवान आणि त्याचा डावा पाय इतका कुशल होता, की बरोबरीच्या मुलांचा त्याच्यापुढे निभाव लागेना. तेव्हा खेळ बरोबरीचा व्हावा म्हणून त्याच्या व्यायामशिक्षकांनी एक युक्ती योजली. बेलने डावा पाय वापरायचा नाही आणि चेंडू पायाशी आला की एकाच स्पर्शात पुढे द्यायचा, असा नियम त्यांनी त्याच्यापुरता घालून दिला. पुढे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन संघाने त्याला घडविले. १७ एप्रिल २००६ रोजी, वयाची सतरा वर्षेही पुरी झाली नसताना, तो त्या संघाकडून मोठ्यांच्या सामन्यात उतरला, आणि पुढच्याच महिन्यात वेल्सच्या राष्ट्रीय संघातूनही खेळला.

अशा मुलाचे नाव लंडनपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. मे २००७ मध्ये उत्तर लंडनमधील टॉटनहॅम हॉटस्पर या जुन्या, नामांकित संघाने त्याला विकत घेतले. प्रारंभीची रक्कम ५० लाख पौंड होती आणि ती पुढे एक कोटीपर्यंत जाऊ शकत होती. फुटबॉलच्या व्यवहारात खेळाडूला ‘विकत घेतले’ असेच म्हणतात, आणि त्या शब्दाचा परिणाम प्रेक्षकाच्या मनावर झाल्यावाचून राहत नाही. ज्याची किंमत ठाऊक असते, त्याच्याकडे मनुष्य निराळ्या नजरेने पाहतो. बाजारातून आणलेला माठ जसा टिचकी मारून पारखावा, तसा नवा खेळाडू पहिल्या दिवसापासून पारखला जातो.

टॉटनहॅमचे तेव्हाचे मैदान व्हाइट हार्ट लेन या नावाने ओळखले जाई. १८९९ पासून २०१७ पर्यंत तो संघ तेथे खेळला. तेथे येणाऱ्या प्रेक्षकांत असे कितीतरी असत, की ज्यांना संघाविषयीचे प्रेम बापाकडून मिळाले होते आणि बापाला ते आजोबांकडून. थंडी असो, पाऊस असो, आठवड्याच्या कमाईतला एक भाग खर्चून ते आपली जागा गाठत. संघ जिंकला की त्यांचा पुढचा आठवडा सुखात जाई. हरला की घरातले जेवणही त्यांना बेचव लागे. अशा मनुष्यांनी नव्या खेळाडूकडून काही मागावे, यात नवल ते काय? त्यांचा रोष हीही त्यांच्या प्रेमाचीच दुसरी बाजू होती.

बेलचा आरंभ वाईट झाला नाही. डाव्या बगलेचा बचावपटू म्हणून तो खेळे. सप्टेंबर २००७ मध्ये फुलहॅमविरुद्ध त्याने गोल केला. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. आर्सेनल हा टॉटनहॅमचा शेजारी आणि म्हणूनच कट्टर प्रतिस्पर्धी. त्याच्याविरुद्ध बेलच्या फ्री किकने संघाला प्रथम आघाडी मिळाली. तरी अखेरीस सामना १-३ असा हातचा गेला. म्हणजे मुलगा आपले काम करीत होता, पण संघाच्या पदरात विजय पडत नव्हता. ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक बदलले. डिसेंबरमध्ये घोट्याला जबर दुखापत होऊन बेलचा तो हंगाम तेथेच संपला. पुढच्या हंगामात तो परतला, तो संघाची दैना घेऊनच. पहिल्या आठ सामन्यांत टॉटनहॅमला अवघे दोन गुण मिळाले, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये पुन्हा नवे प्रशिक्षक आले. त्यांचे नाव हॅरी रेडनॅप.

रेडनॅप आल्यावर संघ सावरला. परंतु एक विलक्षण गोष्ट लोकांच्या ध्यानात येऊ लागली होती. लीगच्या ज्या ज्या सामन्यात बेल खेळे, तो सामना टॉटनहॅम जिंकत नसे. पाच सामने झाले, दहा झाले, वीस झाले. हा आकडा आता बेलच्या पुढे पुढे चालू लागला. खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव दिसले, की प्रेक्षकांना त्याचा डावा पाय आठवत नसे, तो आकडा आठवे. मराठीत अशा मनुष्याला ‘पांढऱ्या पायाचा’ म्हणतात. ज्या देशाने यंत्रयुग आणले, त्या देशातही हा समज निराळ्या शब्दांत नांदत होता, हे पाहून मनुष्यस्वभावाची गंमत वाटते.

शांतपणे विचार केला तर त्या आकड्यात किती तथ्य होते? फुटबॉलचा संघ अकरा जणांचा. त्यांतील एका कोपऱ्यात खेळणाऱ्या बचावपटूच्या माथी साऱ्या संघाचा पराभव कसा मारावा? शिवाय हा हिशेब केवळ लीगचा होता. त्याच सप्टेंबर २००७ मध्ये, लीगबाहेरच्या चषकस्पर्धेत मिडल्सब्रोविरुद्ध बेलने गोल केला होता आणि टॉटनहॅमने तो सामना जिंकलाही होता. पण हा सामना हिशेबात धरला, तर गोष्टीची चव जाते. म्हणून तो कोणी हिशेबात धरीत नसे. आकडा खोटा नव्हता. त्याच्यावर चढविलेला अर्थ खोटा होता.

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. खेळाडूचा खेळ उघड्यावर असतो. चेंडू कोठे गेला, पाय कोठे घसरला, धाव कोठे कमी पडली, हे हजारो डोळ्यांना दिसते आणि त्याविषयी बोलण्याचा प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे. परंतु प्रेक्षक तेवढ्यावर थांबत नाही. खेळ बिघडला की तो खेळाडूच्या मनात शिरू पाहतो. हा मुलगा मऊ आहे, याला जिद्द नाही, याचे लक्ष खेळात नाही, असे निर्णय मग भराभर होऊ लागतात. बेलविषयीही असेच झाले. तो जरा धक्का लागला की खाली बसतो, उठल्यावर केस सारखे करतो, अशी त्याची ख्याती झाली. सरावात तो वारंवार दुखऱ्या पायाकडे बोट दाखवी, असे खुद्द रेडनॅपही पुढे सांगत. डोळ्यांना दिसे एवढेच, की मुलगा खाली बसला आहे. पायात कळ किती आहे, एका मोठ्या दुखापतीनंतर दुसरीचे भय किती आहे, हे कोणत्याही आसनावरून दिसत नाही. न दिसणारी जागा मनुष्य आपल्या कल्पनेने भरतो. आणि पराभवाच्या दिवशी ती कल्पना उदार नसते.

कोकणातील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. पावसाळ्यात भाताची रोपे एका जागी दाट उगवतात. ती उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावली, की पहिले काही दिवस ती पिवळी पडतात, मान टाकतात. नवखा मनुष्य ती पाहून म्हणेल, की रोप गेले. जाणता शेतकरी बांधावर उभा राहून नुसते पाहतो. त्याला ठाऊक असते, की मुळांनी जुनी माती सोडली आहे आणि नवी अजून धरलेली नाही. तो पाणी बघतो, तण बघतो; पण रोप उपटून मुळे तपासीत नाही. सतराव्या वर्षी साउदॅम्प्टन सोडून लंडनला आलेला, दोन वर्षांत तीन प्रशिक्षक पाहिलेला आणि त्यातच मोठ्या दुखापतीला तोंड दिलेला मुलगा अशाच रोपासारखा होता.

अखेर २६ सप्टेंबर २००९ चा दिवस उजाडला. व्हाइट हार्ट लेनवर बर्न्लीविरुद्ध सामना होता आणि टॉटनहॅमचा विजय निश्चित झाला होता. शेवटची काही मिनिटे उरली असता रेडनॅप यांनी बेलला बदली खेळाडू म्हणून मैदानात पाठविले. सामना ५-० असा जिंकला गेला. २४ सामन्यांनंतर, दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, बेल प्रथमच लीगच्या विजयी सामन्यात होता. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की त्या काही मिनिटांत त्याला फारसे काही करण्याची संधीही नव्हती. २४ पराभवांचे आणि बरोबरींचे ओझे जितके त्याचे नव्हते, तितकाच हा विजयही त्याचा नव्हता. तरीही त्या दिवशी डाग पुसला गेला, कारण तो मुळात बेलच्या पायावर नव्हताच.

पुढचे काम मात्र त्याच्या पायांनीच केले. जानेवारी २०१० च्या सुमारास संघातील दुसरा डावा बचावपटू जायबंदी झाला आणि बेलला सलग खेळावयास मिळाले. एप्रिलमध्ये चार दिवसांच्या आत त्याने प्रथम आर्सेनलविरुद्ध आणि नंतर चेल्सीविरुद्ध गोल केला आणि टॉटनहॅमने दोन्ही सामने जिंकले. त्या हंगामात संघाने लीगमध्ये चौथे स्थान मिळविले. मग २० ऑक्टोबर २०१० ची रात्र आली. इटलीतील मिलान शहरी, सान सीरो मैदानावर, युरोपविजेत्या इंटर मिलान संघाने पूर्वार्धातच चार गोल चढविले होते. टॉटनहॅमचा गोलरक्षक बाहेर काढला गेल्यामुळे संघात दहाच जण उरले होते. सामना हरलेलाच होता. तरी उत्तरार्धात बेल डाव्या बाजूने पुन्हा पुन्हा धावत सुटला आणि त्याने एकट्याने तीन गोल केले. टॉटनहॅम ४-३ असे हरले. पण दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी जेत्यांचे नाव नव्हते, बेलचे होते. २०११ मध्ये इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंनी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले.

आता गंमत पाहावी. बेल पूर्वीइतकाच अबोल होता. पूर्वी त्या अबोलपणाला लोक दुबळेपणा म्हणत, आता विनय म्हणू लागले. पूर्वी केस सारखे करणे हा बेफिकिरीचा पुरावा होता, आता ती एक लकब ठरली. मनुष्य तोच, सवयी त्याच. पालटला होता फक्त धावफलकावरचा आकडा. मग लोक खरोखर त्याचा स्वभाव पारखीत होते, की निकाल पाहून स्वभाव ठरवीत होते?

तथापि प्रेक्षक नेहमीच चुकतो, असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. २०१३ मध्ये स्पेनमधील रिअल माद्रिद संघाने बेलला सुमारे दहा कोटी युरो देऊन घेतले. त्या संघातून खेळताना त्याने युरोपातील सर्वश्रेष्ठ चषक पाच वेळा मिळविला. २०१८ च्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध पाठ जमिनीकडे करून हवेत उलटा मारलेला त्याचा गोल तर जगभर पाहिला गेला. पण माद्रिदचे प्रेक्षक आणि तो यांचे सूर पुरते जुळले नाहीत. तो त्यांच्या भाषेत क्वचितच बोले, आणि त्याचा जीव गोल्फमध्ये अधिक रमतो असे त्यांना वाटे. नोव्हेंबर २०१९ मध्ये वेल्सच्या विजयानंतर तो एका निशाणामागे सहकाऱ्यांसह नाचला. त्या निशाणावर आधी वेल्स, मग गोल्फ आणि शेवटी माद्रिद, असा क्रम लिहिला होता. परतल्यावर माद्रिदच्या मैदानात शिट्ट्यांनी त्याची हुर्रेवडी उडविली गेली. ज्यांनी त्याला आपला मानू पाहिले, त्यांना तो क्रम झोंबला, यात त्यांचा दोष कसा काढावा? येथे त्यांनी कल्पनेने काही भरले नव्हते. जे दिसले, त्याचेच त्यांना दुःख झाले. खेळाडूने जिद्द दाखवावी, इतकेच पुरत नाही. ज्यांच्यासाठी खेळायचे, त्यांच्याविषयी आस्थाही दाखवावी लागते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे न्यायाची रेघ कोठे ओढावी, ते दिसू लागते. जे डोळ्यांसमोर घडले, त्याविषयी स्पष्ट बोलावे. जे मनात दडले आहे, त्याविषयी निर्णय देण्याची घाई करू नये, विशेषतः समोरचा मनुष्य वयाने लहान आणि जागेला नवा असेल तेव्हा. हा नियम फुटबॉलच्या मैदानापुरताच नाही. जूनमध्ये परगावच्या शाळेतून एखादा मुलगा वर्गात येतो. तो शेवटच्या बाकावर गप्प बसतो, मधल्या सुट्टीत एकटाच डबा खातो, पहिल्या चाचणीत त्याला गुण कमी पडतात. आठवड्याभरात साऱ्या वर्गाने ठरवून टाकलेले असते, की हा गर्विष्ठ आहे किंवा मठ्ठ आहे. त्याची मुळे अजून माती शोधीत आहेत, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

गॅरेथ बेलने जानेवारी २०२३ मध्ये खेळातून निवृत्ती घेतली. त्याच्या गोलांची आणि चषकांची गणती आता पुस्तकांत सापडते. ते २४ सामनेही तेथेच नोंदलेले आहेत. पण आता ते वाचताना कोणी त्याला नाव ठेवीत नाही. जो तो मनाशी आश्चर्य करतो, की इतक्या जणांनी इतके दिवस याला पाहिले, आणि तरीही ओळखले कसे नाही!